तीन चष्मे आणि एक लाल टोपण: दारूने दुबळ्या झालेल्या नसेचं एक प्रकरण

तिसरा चष्मा आमच्याच बाह्यरुग्ण विभागातून दिला गेला होता, हे आधीच सांगून टाकतो. पहिले दोन बाहेरचे. पाच महिन्यांत तीन चष्मे झाले आणि तिन्हींनी नजरेत तसूभर फरक पडला नाही. हे गृहस्थ माझ्यासमोर आले ते तिन्ही चष्मे रुमालात गुंडाळून. टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, "यातला कुठलाही लावा डॉक्टर, तेवढंच दिसतं. काढला तरी तेवढंच."

डोळ्याच्या डॉक्टरला हे वाक्य ऐकून सावध व्हायला हवं. नंबरचाच दोष असेल, तर चष्मा चढवल्यावर आणि उतरवल्यावर काहीतरी बदलतंच, निदान वाईट तरी होतं. काहीच बदलत नसेल तर गडबड भिंगात नाही, त्याच्या मागे कुठेतरी आहे. आमच्या विभागात त्या दिवशी गर्दी होती, मशीनवर नंबर निघाला, तो लिहून दिला गेला. गर्दी हे कारण आहे, समर्थन नाही.

रुग्णाचं वय ४७, काम इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचं. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. सोबत पत्नी होत्या. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, डोळ्याला कधी मार नाही. डोळे दुखत नव्हते, लाल होत नव्हते, पाणी येत नव्हतं. दोन्ही डोळ्यांचं एकाच सुमारास हळूहळू कमी होत गेलं. नेमकं कधीपासून, ते सांगता येईना. पण कशावरून लक्षात आलं ते मात्र त्यांनी नेमकं सांगितलं.

रेझिस्टरवर, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणाऱ्या छोट्या सुट्या भागावर, रंगीत पट्टे असतात. त्या पट्ट्यांवरून त्याचा रोध किती ते वाचायचं. तपकिरी म्हणजे १, लाल म्हणजे २, नारिंगी म्हणजे ३. तिसऱ्या पट्ट्यात तपकिरीऐवजी लाल धरला की हिशेब दहापट चुकतो. पंचवीस वर्षं हात बसलेल्या या माणसाने एका आठवड्यात दोन बोर्ड जाळले. आधी वाटलं, माल खराब आला. मग वाटलं, दिव्याचा उजेड कमी आहे, म्हणून मोठा दिवा लावला, तर उलट जास्तच धुकं. "अंधुक उजेडात बरं वाटतं, भर उजेडात मधलं पुसल्यासारखं होतं," असं ते म्हणाले. माणसांचे चेहरेही तसेच. कान दिसतात, केस दिसतात, मधला चेहरा मात्र कोणी ओल्या बोटाने पुसल्यासारखा.

तपासणीत काय दिसलं

दोन्ही डोळ्यांची नजर ६/३६. साधी माणसं ३६ मीटरवरून जे अक्षर वाचतील ते वाचायला यांना सहा मीटरवर यावं लागत होतं. पिनहोल, म्हणजे बारीक छिद्राची काळी चकती, डोळ्यासमोर धरून पाहिली. नंबरचा दोष असला की त्या छिद्रातून एकदोन ओळी सुधारतात. इथे काही नाही. डोळ्यांतला दाब उजवीकडे १४, डावीकडे १५, म्हणजे काचबिंदूचा संशय घ्यावा असा नाही. मोतीबिंदूची सुरुवात म्हणावी इतपतही भिंग गढूळ नव्हतं. बाहुल्या उजेडाला जरा आळसावून आकसत होत्या, पण दोन्ही सारख्याच. हा सारखेपणा फसवा असतो. डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारी नस एकाच बाजूची दुखावली की टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेताना बाहुल्यांतला फरक लगेच पकडता येतो. दोन्ही नसा सारख्याच दुबळ्या झाल्या तर तुलना कशाशी करणार?

रंगदृष्टीसाठी इशिहारांची पुस्तिका काढली. शिनोबू इशिहारांनी १९१७ साली काढलेले हे ठिपक्यांचे तक्ते आजही जगभर वापरात आहेत. पहिल्या पानावरचा १२ हा आकडा सगळ्यांना दिसतो, ज्यांना जन्मापासून लाल-हिरव्यात घोळ आहे त्यांनाही. तो नमुना म्हणूनच असतो. यांनी १२ वाचला. दुसऱ्या पानापासून पुढे एकही आकडा नाही. पत्नी खुर्चीतून वाकून बघत होत्या. "अहो, आठ आहे की," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि मग त्या एकदम गप्प झाल्या.

यानंतर मी जी तपासणी केली तिला यंत्र लागत नाही. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांच्या बाटलीला लाल टोपण असतं. ते हातभर अंतरावर धरलं, त्यांना डावा डोळा झाकायला सांगितला आणि उजव्या डोळ्याने सरळ टोपणाकडे बघायला लावलं.

"रंग कोणता?"

"मातकट."

नजर माझ्या नाकावर ठेवा म्हटलं आणि टोपण त्यांच्या नाकाच्या बाजूला वीतभर सरकवलं.

"आता?"

"आता लाल आहे." पुन्हा मधोमध आणलं. "गेला."

निरोगी डोळ्याला लाल रंग सगळ्यात गडद दिसतो तो बरोबर मधे, कारण रंग ओळखणाऱ्या पेशींची दाटी तिथेच असते. यांचं उलट होतं. त्यांनी माझ्या हातातून टोपण घेतलं आणि स्वतःच डोळ्यासमोरून इकडून तिकडे फिरवायला लागले. बिघाड नेमका कुठून कुठपर्यंत आहे ते शोधण्याची दुरुस्तीवाल्याची सवय ती. दोन्ही डोळ्यांची हद्द त्यांनी पाच मिनिटांत काढून दिली. नंतर दृष्टिक्षेत्राच्या मशीनने जो नकाशा छापला तो याहून फार वेगळा नव्हता. नजरेच्या मध्यापासून नैसर्गिक अंधबिंदूपर्यंत पसरलेला एक आडवा डाग, दोन्ही डोळ्यांत.

थेंब टाकून आत पाहिलं तर पडदा स्वच्छ, मॅक्युला, म्हणजे पडद्याच्या मध्यातला पीतबिंदू, स्वच्छ. उजव्या नसेच्या कानाकडच्या कडेला किंचित फिकटपणा, तोही मुद्दाम शोधला म्हणून. आमच्याकडे एक जुना विनोद आहे की अशा आजारात रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही. पडद्याच्या थरांची जाडी मोजणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्ये मात्र त्याच कडेच्या तंतूंचा थर पातळ निघाला. पीतबिंदूकडून नसेत येणारे तंतू जिथून जातात तीच ही कड.

जेवणाचा प्रश्न

केसपेपरवर आधीच्या कोणीतरी लिहून ठेवलं होतं: तंबाखू आहे, दारू कधीमधी. मी विचारलं तेव्हाही तेच उत्तर. दिवसाला बाराएक सिगारेटी मोकळेपणाने कबूल, दारूवर "कधीमधी".

इतक्या वर्षांत मी एक शिकलो आहे. माणूस पिण्याचा हिशेब देत नाही, जेवणाचा देतो. म्हणून विचारलं, "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं ते सांगा."

ते आठवू लागले. सकाळी काही नाही. दुपारी कामाची घाई, दोन घास. मग रात्री. रात्रीशी येऊन थांबले आणि पत्नीकडे पाहिलं. त्यांनी बोलायची वाट इतकी वर्षं पाहिली असावी. "ताट वाढून झाकून ठेवते. सकाळी उघडते तर जसंच्या तसं. भूकच नाही म्हणतात. दीड वर्ष झालं असेल. पँट कमरेला दोनदा आत घेतली."

पुढचं मग आपोआप निघालं. रोज रात्री दोन क्वार्टर, म्हणजे ३६० मिली, चार वर्षांहून जास्त काळ. ४० टक्क्यांच्या दारूत याचा अर्थ रोज सुमारे ११४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एका ग्रॅममागे सात कॅलरी धरल्या तर ८०० कॅलरी होतात. भूक मरते ती इथे. शरीराला वाटतं, आज जेवण झालं. त्या ८०० कॅलरींत एकही जीवनसत्त्व नसतं.

आणि मग ते वाक्य आलं, जे मी अनेकांकडून ऐकलं आहे: "पण डॉक्टर, मी चांगलीच घेतो. भेसळीची कधी घेतली नाही. डोळे जातात ते भेसळीच्याने ना?"

हा समज इतका घट्ट आहे की त्यापायी रुग्ण महिनोन्‌महिने दारूचा आणि डोळ्याचा संबंध जोडतच नाहीत. विषारी दारूने डोळे जातात हे खरं, पण तो आजार निराळा. त्यातला मिथेनॉल यकृतात गेल्यावर आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनतो. ते आम्ल पेशींतली ऊर्जा बनवण्याची साखळी शेवटच्या कडीशी तोडतं. साधारण १२ ते २४ तासांनी बर्फ पडत असल्यासारखं पांढरं दिसू लागतं, पोटात दुखतं, श्वास जोरात चालतो. शुद्ध मिथेनॉल दहाएक मिली पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. ती तासांची लढाई आहे. फोमेपिझोलसारखा उतारा, डायलिसिस, आणि जितका उशीर तितकं नुकसान. आमच्या रुग्णाचं रात्रीतून काही गेलं नव्हतं. बाटलीतली दारू चोख होती. नस मेली नव्हती, उपाशी पडली होती.

जाता जाता पायांबद्दल विचारलं. तळव्यांना मुंग्या येतात, असं म्हणाले. पत्नीने भर घातली, "चप्पल पायातून निसटते आणि यांना कळतच नाही. पाच पावलं पुढे गेल्यावर बघतात." डोळ्याच्या खोलीत बसून पायाचा प्रश्न विचारायला आम्ही विसरतो. पण लांब नसांची टोकंही त्याच कारणाने बधिर होतात.

नस उपाशी कशी पडते

डोळ्याच्या एका नसेत दहा ते बारा लाख तंतू असतात. डोळ्याच्या मागे जाळीसारखी एक पट्टी आहे, तिच्यातून बाहेर पडल्यावर या तंतूंना मायलिनचं आवरण मिळतं. त्याआधी, डोळ्याच्या आत, ते उघडे असतात. उघड्या तंतूतून संदेश पुढे ढकलायला ऊर्जा कितीतरी जास्त लागते, म्हणून तेवढ्या भागात मायटोकाँड्रियांची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या केंद्रांची, गर्दी असते. या सगळ्यांत सर्वात बारीक तंतू कुणाचे, तर मॅक्युलाकडून येणारे. अक्षर वाचणं, चेहरा ओळखणं, लाल आणि तपकिरी वेगळे काढणं, सगळं यांच्याच जिवावर. कालव्याला पाणी कमी सोडलं की पहिलं वाळतं ते शेपटाकडचं शेत. वरच्या शेतकऱ्याला पत्ताही नसतो. यांच्या डोळ्यांत कडेचं सगळं शाबूत होतं, ते न अडखळता चालत आले होते, आणि मधलं पीक वाळत होतं.

पाणी कमी पडण्याची कारणं तीन-चार ठिकाणी आहेत. बी१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, साखरेतून ऊर्जा काढण्याच्या कामात लागतं. त्याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. दारू आतड्यातून ते शोषू देत नाही, यकृतात साठू देत नाही आणि जे आत गेलं त्याला कामाचं रूप घेऊ देत नाही. फोलिक आम्लाचा साठा काही महिन्यांचा. ते कमी पडलं की शरीरात रोज थोडंफार बनणारं फॉर्मिक आम्ल नीट निस्तरलं जात नाही. म्हणजे मिथेनॉलचा जो मारेकरी, तोच इथे थेंबाथेंबाने काम करत असण्याची शक्यता. बी१२ चा साठा वर्षांचा असतो, पण जेवणच बंद असेल आणि जठर सुजलेलं असेल तर तोही आटतो. तंबाखूच्या धुरात सायनाइड असतं आणि त्याची विल्हेवाट लावताना बी१२ खर्ची पडतं, असंही एक मत आहे. त्याबद्दल सगळे एकमताचे नाहीत, पण सिगारेट ओढणाऱ्याला बी१२ देताना त्याच्या सायनोकोबालामिन या रूपाऐवजी हायड्रॉक्सोकोबालामिन हे रूप द्यावं, इतपत तरी ते मत आम्ही मानतो.

जुन्या पुस्तकांत या आजाराला तंबाखू-दारूची दृष्टिमंदता म्हणत. दोष थेट दारूच्या विषाचा की सुटलेल्या जेवणाचा, हा वाद शंभर वर्षं चालला. १९४४ च्या सुमारास फ्रँक कॅरोल या अमेरिकी डॉक्टरने सरळ प्रयोग केला. काही रुग्णांना दारू आणि तंबाखू नेहमीइतकीच चालू ठेवू दिली, फक्त आहार आणि बी जीवनसत्त्वं नीट दिली. त्यांची नजर सुधारली. पुढे १९९२-९३ मध्ये क्यूबात ५० हजारांहून जास्त लोकांना नजरेचा किंवा हातापायांच्या नसांचा असाच आजार झाला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथे अन्नाची टंचाई झाली होती. जेवणं चुकवून पिणारे आणि धूम्रपान करणारे त्यात जास्त सापडले. सरकारने सगळ्या लोकसंख्येला जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या आणि साथ ओसरली.

हे मी रुग्णाला थोडक्यात सांगितलं आणि लगेच पस्तावलो. माणूस यंत्रांतला, डोकं तल्लख. म्हणाले, "म्हणजे गोळ्या घेतल्या तर घेतली तरी चालेल?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर एवढंच दिलं की कॅरोलच्या रुग्णांना कोणीतरी बसून जेवू घालत होतं. दोन क्वार्टरनंतर तुम्हाला कोण घालणार? आणि गोळी पोटात गेली तरी दारू तिला आतड्यातच अडवते. शिवाय डोळ्याची नस सुधारली म्हणून यकृत, मेंदू आणि तळपाय सुधारतीलच असं नाही. ते हसले नाहीत, पण पटल्यासारखे दिसले.

बाकी शक्यता खोडून काढताना

दारूचा इतिहास सापडला की सगळं त्याच्याच माथी मारण्याचा मोह होतो. तो टाळावा लागतो, कारण पिणाऱ्या माणसालाही मेंदूत गाठ होऊ शकते. म्हणून एमआरआय केला. पियुषिका ग्रंथी आणि नसांच्या जोडाचा भाग मोकळा होता. क्षयरोगाची औषधं कधी घेतली का, हे विचारलं. त्यातलं इथॅम्ब्युटॉल हुबेहूब असाच डाग पाडतं. घेतलं नव्हतं. आईकडच्या कोणाची नजर तरुणपणी गेली होती का? लेबरचा हा डोळ्याच्या नसेचा आनुवंशिक आजार आईकडून येतो आणि दारू-तंबाखूने उघड्यावर येऊ शकतो. त्याच्या तीन नेहमीच्या जनुकदोषांची चाचणी निर्दोष आली. सिफिलिस नाही, एचआयव्ही नाही.

रक्ताने मात्र साक्ष दिली. तांबड्या पेशी फुगलेल्या, सरासरी आकारमान १०८ फेम्टोलिटर, जे १०० च्या आत असायला हवं. फोलिक आम्ल कमी. जीजीटी हे यकृताचं एन्झाइम भरपूर चढलेलं. बी१२ २६०, आणि त्यापुढे प्रयोगशाळेने 'नॉर्मल' छापलेलं. या शब्दावर विसंबू नये. यकृत बिघडलेलं असलं की रक्तातलं बी१२ खोटंच चढलेलं दिसतं. मी ते कमीच धरलं.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी बघणं भाग होतं. डोळे आठही दिशांना फिरवून पाहिले. थायमिन अगदी तळाला गेलं की डोळे बाहेरच्या बाजूला वळेनासे होतात किंवा बाजूला बघताना थरथरतात, चाल लडखडते, माणूस गोंधळतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये हे वर्णन केलं. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही, थोड्याच रुग्णांत दिसतात, आणि म्हणून डोळ्यांची थरथर एकटी दिसली तरी दुर्लक्ष करायचं नाही. यांचे डोळे नीट फिरत होते.

प्यायल्या रात्री एकाचे दोन दिसतात ते वेगळं. तिथे दोन डोळ्यांना एकत्र धरून ठेवणारा ताबा सैल पडतो आणि नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर संथ उडी घेते. उतरली की ते जातं. डोळे लाल होणं, अश्रू खारट होऊन कोरडेपणा वाढणं, हेही त्याच जातीचं, त्रासदायक पण तात्पुरतं. वर्षानुवर्षं जास्त पिणाऱ्यांत मोतीबिंदू आणि मॅक्युलाची झीज थोडी अधिक दिसते. यकृत पार बिघडलं तर जीवनसत्त्व अ आणि जस्त कमी पडून रातांधळेपणा येतो. गरोदरपणी आईने प्यायली तर बाळाच्या डोळ्याची नस लहानच राहू शकते, आणि त्यावर पुढे काही उपाय नसतो. हे सगळं आपापल्या जागी महत्त्वाचं, पण या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातात परत मिळण्यासारखं काही होतं ते नसेत.

उपचार

पत्नींनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आजपासून बंद. घरी गेल्यावर सगळं मोरीत ओतते." मला त्यांना थांबवावं लागलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. रोज इतकी पिणाऱ्याने एका दिवसात तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, घाम, आणि वेळेवर उपचार न झाल्यास जिवाला धोका. दारू बंद करायची ती देखरेखीखाली, औषधाच्या आधाराने. फिजिशियन आणि मनोविकारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवलं, सहा दिवस भरती ठेवलं. दुसऱ्या रात्री हात इतके थरथरत होते की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागला, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

भरतीच्या पहिल्या तासात थायमिन शिरेतून दिलं, सलाइनमधून साखर देण्याच्या आधी. हा क्रम पाळायचा, कारण शिल्लक थायमिन साखरेच्या कामात खर्ची पडलं तर वेर्निकेचा झटका आपल्याच हाताने ओढवून घेतला जातो. मग रोज १०० मिलिग्रॅमची गोळी. हायड्रॉक्सोकोबालामिनची इंजेक्शनं. फोलिक आम्ल बी१२ सुरू झाल्यावरच, आधी नाही. एकटं फोलिक आम्ल दिलं तर रक्त सुधारतं आणि आतून नसांचं नुकसान चालूच राहतं. पालेभाज्या, कडधान्यं, दूध, अंडी, जे काही चालत असेल ते, पण दिवसातून तीनदा आणि बसून. सिगारेट बंद.

डोळ्यासाठी थेंब काही दिले नाहीत. यावर त्यांचा विश्वास बसेना. डोळ्याच्या डॉक्टरने डोळ्यात घालायला काहीच द्यायचं नाही, हा कुठला उपचार! शेवटी मी थेंबांऐवजी काम दिलं. रोज सकाळी एका डोळ्यावर हात ठेवून लाल टोपणाकडे बघायचं, मग दुसऱ्या, आणि मधला रंग कसा दिसतो ते वहीत एका शब्दात लिहायचं. टोपण मी माझ्याच टेबलावरचं दिलं.

पुढचे महिने

सहा आठवड्यांनी नजर ६/२४. वहीत पहिली पंधरा पानं "मातकट", नंतर मधेमधे "विटकरी". वजन साडेतीन किलोंनी वाढलं होतं. तीन महिन्यांनी ६/१८, आणि इशिहाराच्या एकवीस पानांपैकी नऊ वाचता आली. तळव्यांच्या मुंग्या तशाच. पायांच्या नसा डोळ्यांहून उशिरा सुधारतात, कधी सुधारतही नाहीत.

चौथ्या महिन्यात ते आले नाहीत. वहीतली दोन आठवड्यांची पानं कोरी होती, हे पाचव्या महिन्यात कळलं. विचारायची गरज पडली नाही. "पुन्हा सुरू झाली होती. अकरा दिवस." नजर खाली आली नव्हती, पण पुढेही सरकली नव्हती. मनोविकारतज्ज्ञांकडच्या फेऱ्या त्यांनी मधे सोडल्या होत्या, त्या पुन्हा लावल्या. मी रागावलो नाही, त्याबद्दल पत्नी माझ्यावर थोड्या रागावल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा ओसीटी काढला. गंमत म्हणजे कागदावर तंतूंचा थर पहिल्यापेक्षा किंचित पातळ आला आणि नजर सुधारलेली. पहिला स्कॅन काढला तेव्हा काही तंतू मरणाच्या वाटेवर सुजलेले असावेत. ते गेले, सूज उतरली, थर पातळ झाला. उपाशी होते पण जिवंत होते, ते कामाला लागले. फिकटपणा कायमचा राहणार. ज्यांची नस पहिल्या भेटीलाच पांढरीफटक असते त्यांना एवढंही परत मिळत नाही, म्हणून पाच महिने आणि तीन चष्मे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आठव्या महिन्यात उजवा डोळा ६/१२, डावा ६/९. वाचायला चाळिशीचा साधा चष्मा लागतो, तो लावल्यावर आता फरक पडतो, आणि त्याचं त्यांना फार कौतुक. इशिहाराची सोळा पानं आली.

त्या दिवशी खिशातून त्यांनी एक डबी काढली. आत पन्नासेक रेझिस्टर. आधी पट्ट्यांवरून वाचून रास लावायची, मग मल्टिमीटरने तपासायचं, असा त्यांचा स्वतःचा आठवड्याचा पेपर. पन्नासपैकी चव्वेचाळीस बरोबर. चुकलेले सहाही तपकिरी-लाल.

"हे दोन अजून मीटरने मोजूनच घेतो," असं म्हणत त्यांनी डबी बंद केली.